झोपायचं भाडं

वनिताचा फोन आला तेव्हा मी परत आलेली पुस्तकं कपाटात लावत होते. "ताई, काकी गेली," ती म्हणाली. मी काही बोलायच्या आत तिचं पुढचं वाक्य आलं, "पन खांदा द्यायला मानसं नायत. सगळी कामाला गेलीत. काय करायचं?"

पहिल्या वाक्याने मला रडू आलं असतं. दुसऱ्या वाक्याने मी पुस्तक हातात धरून तशीच उभी राहिले. गावात मरण आलं आहे आणि तिरडी उचलायला माणूस नाही, असं मी साथीच्या रोगांच्या जुन्या हकिकतींत वाचलं होतं. इथे साथ नव्हती. साधा मंगळवार होता आणि सकाळचे साडेअकरा वाजले होते.

काकी म्हणजे माझी एके काळची घरमालकीण. आसनगाव स्टेशनच्या मागच्या अंगाला, गावठाणापासून थोडी बाजूला, तिची एका रांगेतल्या खोल्यांची चाळ होती. वर सिमेंटचे पत्रे, पुढे सामाईक ओटा, ओट्यासमोर जुनं खळं. पूर्वी तिथे तिचं भाताचं शेत होतं. ते रस्त्यात गेलं. आलेल्या पैशांतून मुलाने कल्याणला फ्लॅट घेतला आणि उरलेल्या तुकड्यावर काकीने खोल्या बांधल्या. ती नात्याने माझी कोणी नव्हती. सगळे भाडेकरू तिला काकी म्हणत, म्हणून मीही म्हणे. ती जाऊन आता महिना होत आला, तरी तिच्याबद्दल बोलताना 'होती' हा शब्द लिहायला हात थांबतो.

माझं गाव मुरबाड तालुक्यात, धसईच्याही आत. मुरबाडला रेल्वे नाही. ती येणार हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. ठाण्याच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मला कंत्राटी नोकरी लागली तेव्हा प्रश्न उभा राहिला तो राहायचा. ठाण्यात खोली पाहायची हिंमतच नव्हती. कल्याणला पाहिली, तर भाडं पगाराच्या निम्म्याहून जास्त, आणि अनामत रक्कम वेगळी. मग टिटवाळा, मग वासिंद. प्रत्येक ठिकाणी दलाल म्हणे, "मॅडम, थोडं आत गेलात तर मिळेल." असं आत जाता जाता मी आसनगावला पोचले आणि काकीच्या खळ्यात उभी राहिले.

ती वाल सोलत बसली होती. तिने माझं नाव विचारलं नाही, जात विचारली नाही, एकटीच का राहणार हेही विचारलं नाही.

"कामाला कुठं गो?"

"ठाण्याला."

तिचा चेहरा पडला. "ठाणं. म्हंजे मधलंच."

"मधलं म्हणजे?"

"म्हंजे भाडं जास्त पडंल तुला. दादरला नाय का मिळत काम?"

मला वाटलं बाईचं डोकं फिरलेलं आहे. स्टेशनजवळ असलेल्या खोलीला भाडं जास्त, हे मला ठाऊक होतं. नोकरी जवळ असली म्हणून भाडं जास्त, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. तिने वालाची टरफलं बाजूला सारली आणि समजुतीच्या सुरात सांगितलं, "हे बघ. जो पार मुंबईला जातो तो अंधारात जातो न् अंधारात येतो. तो खोलीत राहतो का? नाय. निसता झोपतो. मंग झोपायचं भाडं येगळं, राहायचं भाडं येगळं. बैल आमी औताला देतो, तवा जुंपला तेवढ्या दिवसाचंच घेतो. गोठ्यात बसला त्याचं कोन घेतं का?"

"पण खोली म्हणजे बैल नाही ना काकी."

"बैल नाय म्हनून तर बरं. चारा घालावा लागत नाय."

धसईचं नाव निघाल्यावर मात्र ती उठून उभी राहिली. धसई तिचं माहेर. बाजाराच्या वाटेवरची घरं तिने मला एकामागून एक विचारली, आणि माहेरची पोर म्हणून टोकाची, वाऱ्याची खोली दिली. भाडं मात्र मधल्या माणसाचंच लावलं.

महिन्याचा पहिला रविवार पासाचा. काकी ओट्यावर पाट टाकून बसायची, भाडेकरू एकेक करून रेल्वेचा पास आणून दाखवायचे. तिला वाचता येत नव्हतं. माझ्याआधी हे काम कोण करत होतं मला माहीत नाही, पण मी आल्यापासून ते माझ्याकडे आलं. आधार कार्ड, भाडेकरार असलं काही तिने कधी मागितलं नाही. पास बघायची. नवीन पोरं मोबाइलमधला पास दाखवू लागली तेव्हा ती वैतागली. "दिसतो, पन हाताला लागत नाय. उद्या बॅटरी गेली तर तू राहतो कुठं न् कामाला कुठं, मला काय कळनार?"

मी वाचायची, "आसनगाव ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस."

"अरारा," काकी हळहळायची. "पार शेवटापरेंत." आणि तो माणूस शाळेत बक्षीस मिळाल्यासारखा छाती काढून उभा राहायचा. डोंबिवलीच्या दुकानात काम करणारा एक जण मान खाली घालून पास पुढे करी. एकाची परळहून मुलुंडला बदली झाली, तर संध्याकाळी चाळीतली माणसं त्याच्या खोलीत जाऊन बसली. "होईल रे काय तरी," असं धीर देणं चाललं होतं. मी दारातून ते पाहत होते आणि मला हसावं की काय करावं ते कळत नव्हतं.

स्वतः काकी कल्याणच्या पुढे कधी गेली नव्हती. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "कल्यानच्या पुढं आपलं कोन मेलंय जायाला?" प्रवास करायचा तो कोणाच्या तरी मयतीला किंवा लग्नाला, एवढीच तिची समज. रोज उठून तिथे जाणारी माणसं तिला भक्तिभावाने पाहण्यासारखी वाटत. पहाटेच्या गाडीला जाणाऱ्यांसाठी ती चुलीवर मोठा हंडा चढवून ठेवायची. पाणी गरम झालं की दारावर थाप मारून, "घे रे, तुझा टाइम झाला," म्हणत पुढे जायची.

रविवारी सकाळी मात्र चाळीत आवाज चालत नसे. कुकरची शिट्टी नाही, मिक्सर नाही. भाजीवाल्याने ओरडायचं नाही, गाडी घेऊन नुसतं उभं राहायचं, बायका जातील. एकदा जवळच्या देवळात सकाळपासून भोंगा सुरू झाला. काकी पदर खोचून निघाली आणि मंडळाच्या पोरांसमोर उभी राहिली.

"बंद करा रे."

"काकी, देवाचं हाय."

"देव रोज घरीच असतो. मानसं एकच दिवस असतात. बंद कर."

भोंगा बंद झाला. शांतता पाळायला लावते म्हणून पोरं नंतर तिला 'शांता' म्हणायची, तिच्यासमोर नाही.

कल्याणचा एक एजंट एकदा तिची उरलेली जागा मागायला आला. हायवेवर पाट्या लागल्या होत्या, मुंबईच्या कुशीत स्वप्नातलं घर वगैरे. तसल्याच एका स्कीमचा गुळगुळीत कागद त्याने खळ्यात पसरला. काकीने चित्रातलं तळं पाहिलं, झोपाळा पाहिला, झाडं पाहिली.

"तू कुठं राहतो रे?"

"मी आंबिवलीला, मावशी."

"सोताचं?"

"नाही, भाड्याने."

काकीने कागदाची घडी घालून त्याला परत दिली. "बस. च्या घे," म्हणाली. जाताना त्याने हळूच मला विचारलं, इथे एखादी खोली रिकामी होईल का.

रामदास आमच्या ओळीत मधल्या खोलीत राहायचा. मुरबाडकडचाच, माळशेजच्या बाजूचा. उंच, बारीक, कमी बोलणारा. फोर्टात एका इमारतीवर वॉचमन होता. बारा तासांची ड्युटी, त्यात जाणं-येणं. पहाटेच्या अंधारात निघायचा आणि रात्री परतायचा तेव्हा मुलगी झोपलेली असायची. चाळीत सगळ्यात लांब जाणारा तो, म्हणून सगळ्यात कमी भाडं त्याचं. काकीचा त्याच्यावर जीव होता. "रामदासची खोली बघ," ती मला म्हणायची, "सारवल्यासारखी जमीन राहिलीय. पाय लागतो कुठं त्याचा?"

वनिता त्याची बायको. दिवसभर काकीबरोबर असायची. दोघी मिळून पापड लाटायच्या, तांदूळ निवडायच्या. मुलगी चिऊ तीन वर्षांची, काकीच्या पदराला धरून फिरणारी.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी, हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात घरात आल्यावर, काकीच्या बहिणीने नवं खायला बोलावलं. नव्या तांदळाचा भात माहेरची, सासरची माणसं एकत्र बसून खातात. बहिणीचं घर उंबरमाळीच्या वर, डोंगराच्या अंगाला. मला सुट्टी होती. काकी म्हणाली, "चल गो तू पन. धसईच्या तोंडाला नवं लागूं दे."

कसाऱ्याकडे जाणारी गाडी सकाळी जवळजवळ रिकामी असते. खिडकीतून कापलेली शेतं दिसत होती. काकीच्या मांडीवर पिशवी, पिशवीत नारळ आणि बहिणीला लुगडं. उंबरमाळीला आम्ही दोघीच उतरलो. गाडी गेली आणि एकदम इतकी शांतता झाली की रानातला एखादा पक्षी ऐकू यावा. छोटंसं स्टेशन, चहूकडे झाडी, छपरावर माकडं.

पलीकडच्या बाकावर कोणीतरी निजलं होतं. तोंडावर रुमाल. खाली बूट जोडीने नीट लावून ठेवलेले, त्यांवर डब्याची पिशवी.

काकी थबकली. तिने माझा दंड धरला. "बूट काढून ठेवलेत गो," ती पुटपुटली. "विहिरीवर काढून ठेवतात तसे." मग तिने गणवेशाची निळी पँट ओळखली असावी, कारण ती त्या वयात जवळजवळ धावत गेली. "रामदास! अरे रामदास! मेला का काय रे!"

तिने त्याला गदगदा हलवलं. रुमाल बाजूला पडला. रामदासने डोळे उघडायच्या आधी खिशात हात घातला आणि पास बाहेर काढून वर धरला.

"पास हाय. पास हाय काकी माझ्याकडं."

आसनगाव ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. त्याच महिन्यात मीच तो वाचून दाखवला होता. तो पास हातात धरून तो माणूस उलट्या दिशेला, उंबरमाळीच्या रानात, बाकावर बसला होता.

"आज कामाला नाय गेलास?" काकीने विचारलं.

 तो पाय बुटांत घालायचा प्रयत्न करत राहिला, पण ते आत जाईनात.

"आजारी हायस?"

"नाय."

"मंग?"

मग ते हळूहळू बाहेर आलं. फोर्टातलं कंत्राट सुटून बरेच महिने झाले होते. नव्या ठेकेदाराने आपली माणसं आणली, जुनी काढली. महिनाभर हिंडल्यावर त्याला हायवेलगतच्या गोदामात काम मिळालं होतं. पगार थोडा कमी. दुपारची पाळी, दोन ते दहा. आमच्या चाळीमागे शेतं आणि शेतांपलीकडे ते गोदाम. वनिता जिथे कपडे वाळत घालायची तिथून त्याचं निळं छप्पर दिसायचं. चाळीतून चालत निघालं तर विडी संपायच्या आत पोचेल एवढं अंतर.

"मंग सकाळी जातोस कुठं?"

"इथं येतो."

"इथं? काय करतोस इथं?"

"बसतो. माकडं बघतो. झोप आली तर झोपतो. आसनगावच्या बाजूला ओळखीचं कोन ना कोन दिसतं, म्हनून ह्या बाजूला येतो. साडेबाराच्या गाडीनं परत जातो, हायवेनं जातो गोदामात."

काकीला ते समजेना. खरं सांगायचं तर मलाही. ती म्हणाली, "अरे पन घर हाय ना तुझं. पोरगी हाय. घरी का नाय बसत सकाळचा?"

रामदास जमिनीकडे बघत म्हणाला, "घरी बसलो तर भाडं लागतं काकी."

मी बरीच पुस्तकं वाचली आहेत. माणसं एकमेकांना काय काय बोलतात त्याचा साठा माझ्याजवळ आहे. पण त्या वाक्यानंतर जे झालं ते मी कुठे वाचलेलं नव्हतं. काकी फलाटावर, खाली, फरशीवर बसली. पडली नाही, बसली. शेतात दमलेली बाई बांधावर बसते तशी. तिचं तोंड उघडं होतं. पिशवीतला फोन वाजत होता, बहिणीचा. तो वाजत राहिला तेव्हा तिने काढून माझ्याकडे दिला.

"सांग, काकी येत नाय."

"काय कारण सांगू?"

"सांग, मयत झालीय."

"काकी, असं कसं..."

"सांग गो."

मी सांगितलं. दुसरं काही सुचलं नाही.

आसनगावकडची गाडी यायला वेळ होता. रामदास बाजूला उभा राहून पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, वनिताला कळू देऊ नका. तिला का नाही सांगितलं, म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, "ती दिसभर काकीजवळ बसते ताई. तिच्या पोटात राहायचं नाय. आन् राहिलं असतं तर तिलाच खोटं बोलायला लागलं असतं रोज. एकानं बोललेलं बरं." भाडं कमी असल्यामुळे पासाचा खर्च वजा जाऊनसुद्धा काही हातात उरत होतं, त्यात चिऊचं दूध निघत होतं. हे सांगताना त्याच्या आवाजात थोडा अभिमानही होता. मला तो ऐकवेना.

 आसनगावला उतरल्यावर काकीने रामदासचं मनगट धरलं, चुकार पोराला शाळेतून आणावं तसं, आणि भर दुपारी त्याला चाळीत घेऊन आली.

चिऊ ओट्यावर खेळत होती. बापाला उन्हात उभा पाहून ती उठली, दोन पावलं मागे सरली आणि घरात बघून ओरडली, "आये, आज रयवार हाय?"

वनिता पिठाच्या हातांनी बाहेर आली. रामदासकडे पाहिलं, काकीच्या हातातल्या त्याच्या मनगटाकडे पाहिलं. "काय झालं? काढलं काय कामावरनं?"

"नाय काढलं," काकी म्हणाली. "ड्युटी बदलली त्याची. हितंच, पाठच्या गोदामात लागला. दुपारची पाळी. सकाळचा घरी असंल आता."

मी वनिताच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं, आता हसेल. नवरा सकाळी घरी राहणार. मुलगी त्याच्या मांडीवर बसणार. तिने पीठ लागलेल्या हाताने कपाळावरचे केस मागे सारले आणि विचारलं,

"म्हंजे भाडं वाढनार का काकी?"

 प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार असलेली ती बाई खळ्याच्या कडेने चालत आपल्या घरात गेली आणि तिने दार लोटून घेतलं.

दुपार कलायला लागली तेव्हा एक इको गाडी खळ्यात येऊन थांबली. काकीची बहीण, जाऊ आणि आणखी दोघी छाती पिटत उतरल्या. "कोन गेलं गं बाय, कोन गेलं!" दार उघडून काकी समोर उभी, धडधाकट. बहिणीचं रडं जागीच थांबलं.

"मयत कुनाची झाली मंग?"

"माझ्या अकलेची," काकी म्हणाली.

नवं खायला बसलेल्या पाहुण्यांना ताटावरून उठवून त्या आल्या होत्या. रडत आल्या, शिव्या देत गेल्या. ती बहीण वर्षभर काकीशी बोलली नाही.

पुढच्या रविवारी, तो पासाचा नसतानाही, काकीने सगळ्यांना ओट्यावर बोलावलं. इथून पुढे पास दाखवायचा नाही. कोण कुठे जातो मला सांगायचं नाही. सगळ्यांना एकच भाडं, रामदासचं जेवढं होतं तेवढं. मला वाटलं होतं माणसं टाळ्या वाजवतील.  उलट दादरला दुकानात कामाला जाणारा, वयाने मोठा असलेला भाडेकरू पुढे झाला.

"हे काय बरोबर नाय काकी. आमी एवढ्या लांब मरतो, आन् तो घरात बसून तेवढंच भाडं देनार?"

"तुझं वाढवलं का मी?"

"माझं नाय वाढवलं. पन त्याचं तेवढंच ठेवलंत ना."

"अरे, त्याच्या ताटात भात पडला म्हनून तुझा कमी झाला का?"

"तसं नाय. पन मंग आमच्या लांब जान्याला किंमत काय राहिली?"

 त्या माणसाचा राग मला अजून नीट समजलेला नाही. कधीकधी वाटतं की समजला आहे, आणि म्हणूनच त्याच्यावर विचार करायला नको वाटतं. दोन महिन्यांनी तो खोली सोडून खर्डीला गेला. तिथे भाडं आणखी कमी होतं.

मुलगा कल्याणहून येऊन भांडून गेला. फ्लॅटचे हप्ते आईच्या भाड्यांवर चालत होते, हे आम्हाला तेव्हा कळलं. काकीने वाद घातला नाही. आपल्या राहत्या दोन खोल्या भाड्याने देऊन टाकल्या आणि मागच्या पडवीत जाऊन राहिली. पडवीला एक बाजू उघडी. तिथे ताडपत्री बांधली. "मला कुठं जायाचं असतं? मी बसूनच असते. बसायला किती जागा लागते?" मी म्हटलं, काकी, तुमच्या हिशोबाने तर तुम्ही सगळ्यात जास्त राहता, तुम्हालाच मोठी खोली पाहिजे. ती हसली नाही. "माझा हिसाब सोड तू आता," म्हणाली.

त्यानंतर तिने कोणालाच कामाचं विचारलं नाही. नवीन माणूस आला तर विचारी, "पोरं किती?" आणि खोली दाखवी. मला मात्र ती जुनी काकी आठवत राहिली, पाटावर बसून पासांवर हळहळणारी. ती चूक होती हे मला माहीत आहे. पण आम्ही रोज किती लांब जातो याबद्दल कोणाला तरी वाईट वाटतं, हे दुसऱ्या कुठे मी अनुभवलेलं नाही. माझ्या कॉलेजात तर उशीर झाला की सही लाल शाईने होते.

पुढे मला कायम नोकरी मिळाली आणि मी टिटवाळ्याला राहायला गेले. सणावाराला जाऊन भेटायची. ती म्हातारी झाली होती, पण गेल्या दिवाळीपर्यंत हंडा चुलीवर चढवत होती.

त्या मंगळवारी मी अर्धी रजा टाकून निघाले. दुपारी तीन वाजता पोचले तेव्हा काकी पडवीत चटईवर होती, अंगावर पांढरं कापड. मुलगा पुण्याला कामाला गेला होता, तो निघाला होता. चाळीतले पुरुष फोनवर, कोणी दादरला, कोणी भायखळ्याला, कोणी ठाण्याच्या पुढे गाडीत. गावठाणात भावकी होती, पण तिथेही म्हातारे आणि बायका. ज्यांना खांदा देता येईल ते सगळे स्टेशनापलीकडे कुठेतरी होते. तिरडीला बांबू तोडून आणले गोदामातल्या दोन मुलांनी. बिहारची असावीत. त्यांना काकी कोण हे माहीत नव्हतं, रामदासने बोलावलं म्हणून आली होती. सुपरवायझरने त्यांना तासाभराची सूट दिली होती.

गावच्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "मंग न्यायचं कवा?" वनिता म्हणाली, "सहाच्या फास्टनं येतील बरेचसे." आणि सगळ्यांनी ते मान्य केलं. सूर्य बुडायच्या आत न्यायचं की नाही यावर बोलणं झालं नाही. गाडीचं बोलणं झालं. मी भिंतीला टेकून बसले आणि चटईवरच्या त्या छोट्याशा आकाराकडे पाहत राहिले. माझा विश्वास बसत नव्हता. ती गेली यावर नाही. मरणसुद्धा आमच्या परतीच्या गाडीसाठी थांबून राहिलं होतं, यावर.

रामदास माझ्याजवळ येऊन बसला. त्याचे केस पिकायला लागले होते. त्या दिवशी त्याने पाळी बुडवली होती. तो अजून त्याच गोदामात, अजून दुपारच्याच पाळीला. मी विचारलं, कसं झालं.

"वनिता अंगणवाडीत गेली होती सैपाकाला," तो सांगू लागला. "मी चिऊला शाळेत सोडून आलो. चाळीत कोन नव्हतं. रोज मी ह्या टायमाला काकीला च्या नेऊन देतो. बघतो तर भिंतीला टेकून बसलेली, घामानं ओली. म्हटलं, काकी, शहापूरला दवाखान्यात जाऊ. रिक्षावाल्याला फोन लावला. तो बोलला, येतो, स्टेशनावर हाय. मी उठलो, म्हटलं रस्त्यावर जाऊन उभा राहतो, गाडी लगेच आत घेता येईल. तर हात धरला माझा. घट धरला."

 पडवीतल्या ताडपत्रीला वारा लागत होता.

"मला बोलली, ड्युटी किती वाजता रे तुझी? मी बोललो, दोनला. मंग बोलली, मंग टाइम हाय. बस जरा."

"मग?"

"मंग बसलो, ताई."